अर्ध्या इंचाचं वेळापत्रक

२४ जून १९९८, बुधवार

गीझरने आज मान टाकली. सव्वीस वर्षं चालला बिचारा. माझ्या डोक्याला साबण होता, वरून एकदम बर्फासारखं पाणी आलं आणि मी ओरडलो. बाहेरून आयदे विचारते, "काय झालं, पडलास का?" पडलो असतो तर ओरडायला शुद्धीवर राहिलो असतो का? चौतीस वर्षांचा संसार झाला, पण हिचे प्रश्न असलेच.

मुहूर्त बाकी छान साधला. मारिसा दोन ऑगस्टला रुफिनोहून येणार. बाळंतपण इथे रोसारिओतल्या इस्पितळात, आणि मग बाळाला घेऊन चाळीस दिवस आमच्याकडे. आयदेने तिची जुनी खोली रंगवून घेतली आहे आणि एप्रिलपासून नुसती विणत सुटली आहे. घरात जिथे बसावं तिथे लोकर.

संध्याकाळी मारिसाला फोनवर गीझरचं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, ऑगस्टचा ऐन हिवाळा आणि तान्हं बाळ. गरम पाण्याची नीट सोय नसेल तर मी सरळ सासूबाईंकडे उतरते, त्यात काय!"

त्यात काय! तिची सासू म्हणजे नेलिदा. इथेच शहराच्या टोकाला, फिशर्टनमध्ये बंगला, दोन न्हाणीघरं, आणि जो दिसेल त्याला "माझ्या लेकरा" म्हणत गालाला गाल लावणार. माझा पहिला नातू त्या बाईच्या टबात न्हाणार नाही. लिहून ठेवतो.

२६ जून, शुक्रवार

गॅसचं काम करणारी आली. हो, करणारी. सुलेमा पेत्रोने नाव. पन्नाशीची बाई, पायात पुरुषी बूट, खिशात पाना आणि गळ्यात परवान्याचं कार्ड लटकवलेलं, जसं काही आम्ही मागणारच होतो.

मी तिला स्पष्ट सांगितलं की चौदा लिटरचा गीझर घ्यायचा ठरलं आहे, तो फक्त टांगायचा. तिने गीझरचं नावही काढलं नाही. आधी रस्त्याकडच्या दारापाशी गेली, तिथला मीटर पाहिला, मग बोळातून पावलं मोजत मोजत मागे आली. आमच्या बोळात तीन घरं. पुढे बोनफिलिओ, मध्ये एक कायम कुलूप लावलेलं, आणि सगळ्यात मागे आम्ही.

"बावीस मीटर," ती म्हणाली. "आणि नळी अर्ध्या इंचाची. साहेब, गीझर चौदा लिटरचा घ्या नाहीतर चाळीसचा. त्याला गॅस द्यायला एवढीच नळी आहे ना? याच नळीवर तुमची शेगडी, ओव्हन आणि खोलीतला हीटर. जुना आठ लिटरचा होता म्हणून कसाबसा निभावला."

"मग?"

"मग मीटरपासून इथवर एक इंची नवी नळी. बोळाची फरशी उकरावी लागेल. नळीत हवा भरून गळती तपासायची, कंपनीकडे नकाशा द्यायचा. तीन आठवडे धरा."

एका गीझरसाठी अख्खा बोळ उकरायचा! मी तिला म्हटलं, "बाई, मी छत्तीस वर्षं रेल्वेत गाड्यांचं वेळापत्रक बनवलंय. एकेरी रुळावरून दिवसाला चौदा गाड्या नेल्यात, अपघात एक नाही. अर्ध्या इंचाचं मला शिकवू नका."

त्यावर ही म्हणते, "गाडी सिग्नलला थांबते साहेब. ज्योत थांबत नाही, विझते. आणि विझल्यावर मागून जो गॅस येतो, तो न पेटता येतो."

अक्कल पाजळायला परवाना लागत नाही वाटतं. मी दार उघडून धरलं. आयदेने मात्र तिला माते, आपला कडू पाल्याचा चहा, पाजला, दोनदा भरून, आणि दारापर्यंत सोडायला गेली. परत येऊन म्हणाली, "तीनच आठवडे म्हणते. दोन तारखेच्या आत होऊन जाईल, रोहेलियो. करून घेऊ या." बायका बायकांचं लगेच जमतं.

४ जुलै, शनिवार

काचोने गीझर बसवला. काचो आमच्या क्लबातला, जिथे आम्ही बोचे खेळतो, गोळे टाकायचा खेळ. परवाना-बिरवाना नाही, पण हातात कसब आहे आणि मुख्य म्हणजे तोंडात उपदेश नाही. बोळ उकरायचं सांगितलं तर पोट धरून हसला. "बाई घाबरट असणार," म्हणाला.

एकच घोटाळा झाला. आज फुटबॉल विश्वचषकात हॉलंडशी सामना होता हे दोघांच्याही लक्षात राहिलं नव्हतं. साडेअकराला काचो पाना तसाच टाकून रेडिओला चिकटला. शेवटच्या मिनिटाला आपल्यावर गोल बसला आणि हा पन्नास वर्षांचा घोडा माझ्या स्वयंपाकघरात बसून हमसाहमशी रडला. उरलेली जोडणी त्याने नाक ओढत ओढत केली. अख्खा देश एका चेंडूसाठी रडतो. गाड्या बंद झाल्या तेव्हा कुणी रडलेलं मला आठवत नाही.

पण गीझर बसला. पांढराशुभ्र आहे. त्या बाईचे तीन आठवडे आणि आमची एक सकाळ.

५ जुलै, रविवार

अंघोळ! पंधरा मिनिटं कढत पाणी, सोडवेना. आयदेला आत बोलावून वाफ दाखवली. ती म्हणाली, "शेगडी पेटवून बघू का? दोन्ही बरोबर चालतंय का ते?" म्हटलं, कशाला? चांगलं चाललंय त्यात खोट काढायची सवय झाली आहे तिला.

९ जुलै, गुरुवार

स्वातंत्र्यदिन. आयदेने पहाटेपासून लोक्रो चढवला. मका, भोपळा, डुकराचं मांस, सगळं पाच तास मंद आचेवर रटरटत ठेवायचं. घर ऊबदार राहावं म्हणून हीटरही लावलेला. मी न्हाणीघरात शिरलो आणि पाणी कोमट. मग गार. ज्योत निळ्या मण्यांएवढी झाली आणि पट्कन गेली.

"बंद कर ती शेगडी!" मी आतून ओरडलो.

"लोक्रो आहे रोहेलियो, नऊ जुलैचा लोक्रो! बंद कसा करू?"

ओल्या अंगाने बाहेर येऊन मीच बंद केली. दुपारी मका दाताखाली कचकचत होता. आयदे बोनफिलिओला दरवर्षी वाडगाभर देते, तो तेवढा देऊन आली.

पण विचार केल्यावर कळलं की दोष नळीचा नाहीच. दोष शिस्तीचा आहे. एका रुळावर तीन गाड्या एकदम सोडल्या तर आणखी काय होणार?

१३ जुलै, सोमवार

आजपासून वेळापत्रक लागू. दोन रात्री खपून बनवलं, जुन्या पट्ट्या आणि रंगीत पेन्सिली काढून. गीझर लाल, शेगडी हिरवी, हीटर निळा. फ्रिजच्या दारावर लावलं आहे. सकाळी सात ते सात चाळीस गीझर, तेव्हा शेगडी आणि हीटर बंद. सात चाळीसला शेगडी, मातेचं पाणी आणि नाश्ता. आठ दहाला हीटर. दुपारी हीटर पुन्हा बंद, कारण जेवण. भांडी घासायला थंड पाणी, त्याने कुणी मरत नाही. मारिसा आली की बाळाच्या अंघोळीसाठी अकराचा खास फेरा ठेवला आहे, जांभळ्या रंगात.

सुंदर झालं आहे, अगदी सुंदर. पाच वर्षांत मी असं काही केलं नव्हतं. स्टेशनात आता गवत वाढलं आहे, पण हात विसरलेला नाही.

आयदे बराच वेळ ते बघत उभी राहिली. अंगात दोन स्वेटर, वर शाल. म्हणाली, "आणि बाळ बारा वाजता घाण करून बसलं तर?"

मी म्हटलं, "तर एकपर्यंत थांबेल." ती हसली नाही. विनोद कळायलाही थोडी बुद्धी लागते.

१८ जुलै, शनिवार

गीझरचा पायलट, म्हणजे ती आतली कायम तेवणारी बारीक ज्योत, हल्ली सारखी विझते. ती विझली की गीझर आपोआप गॅस तोडतो, आणि मग बटण मिनिटभर दाबून धरत पुन्हा पेटवा. दिवसातून सहा-सात वेळा. काचोला बोलावलं. त्याने दोन मिनिटांत रोग ओळखला. म्हणाला, "यंत्र भित्रं आहे. गॅस जरा कमी आला की घाबरून बंद पडतं." मग आगकाडीचा एक तुकडा घेऊन बटणाच्या फटीत असा खुपसला की बटण कायमचं दाबलेलं राहील. गीझरला आता गॅस तोडताच येत नाही. पायलट गेला तर नुसती दुसरी काडी ओढायची की झालं. याला म्हणतात डोकं!

काचो गेल्यावर आयदे म्हणाली, "ती काडी काढ. ज्योत विझली आणि आपल्याला कळलंच नाही, तर गॅस येतच राहील ना?"

हे त्या सुलेमाचं वाक्य. पोपटाला शिकवावं तसं शिकवून गेली आहे.

२२ जुलै, बुधवार

सकाळी बघतो तर काडी गायब. आयदेने काढून केराच्या डब्यात टाकली होती. मी नवी खुपसली. दुपारी पुन्हा गायब. मग मी काडीपेटीच खिशात घातली.

"तुला हे यंत्र कळतं का?" मी विचारलं.

"नाही. पण मला त्याची भीती वाटते. मारिसाची खोली स्वयंपाकघराला लागून आहे. बाळ तिथे झोपणार, रोहेलियो."

भीती वाटते म्हणे. झुरळाचीही वाटते हिला. नेलिदाच्या बंगल्यात म्हणे सगळं सुरक्षित, कारण तिथे सगळं महाग. ही तुलना आयदेने केली नाही, पण तिच्या मनात होती, मला दिसत होती.

२९ जुलै, बुधवार

महिन्याची एकोणतीस, म्हणजे न्योकी, बटाट्याच्या उकडलेल्या गोळ्या, खायचा रिवाज. वेळापत्रकात ही तारीख धरायची राहून गेली, ही माझी चूक मी मान्य करतो. बटाटे उकडायला एक पातेलं, न्योकी उकळायला दुसरं, रस्सा तिसऱ्यावर. तीन चुली एकदम.

जेवायच्या आधी आयदे मारिसाच्या खोलीत चादर घालायला गेली आणि तशीच बाहेर आली. तिने शेगडी बंद केली, मीटरकडून येणाऱ्या नळीचा कॉक बंद केला, आणि घरातली एकूण एक खिडकी उघडली. बाहेर चार अंश. न्योकीचा पार लगदा झाला.

"वास येतोय," ती म्हणाली. "तुला येत नाही?"

येत होता, थोडा. पायलट गेला होता, बाकी काही नाही. मी म्हटलं, "लगेच खिडक्या उघडून तमाशा कशाला? बोनफिलिओला दाखवायला?"

तिने माझा हात धरला. तिचे हात थंडीने लाल झाले होते. "रोहेलियो, मी तुला हात जोडते. सुलेमाला बोलाव. बोळ उकरू दे, भिंती फोडू दे. रविवारी पोर येते आहे. पोटात बाळ घेऊन त्या खोलीत झोपणार आहे ती. त्या खोलीत."

मी हात सोडवून घेतला. एकोणतीस तारखेसाठी केशरी रंगाचा वेगळा तक्ता करायला बसायचं होतं. जेवण झालंच नाही.

३० जुलै, गुरुवार

विश्वासघात!

दहा वाजता गॅस कंपनीची गाडी बोळाच्या तोंडाशी. दोन माणसं, हातात वास हुंगायचं यंत्र. म्हणे, तक्रार आली आहे. कुणाची? सांगता येत नाही. या शहरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे की गॅसचा वास आला तर खिडकी उघडावी, देवाचं नाव घ्यावं, पण कंपनीला फोन करू नये. कंपनी आली की कॉक बंद होतो आणि पुन्हा उघडायला महिने लागतात.

त्यांनी काचोची काडी पाहिली. थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. मग त्याने ती चिमटीत धरून मला विचारलं, "हे कोणी केलं?" जसं काही मेलेला उंदीर धरला होता.

नळी तपासली, ती दोन ठिकाणी गळत होती. काचोच्या जोडण्या, सामन्यानंतरच्या. मीटरवर सील ठोकलं. परवानाधारक माणसाने नवी नळी टाकून, सही करून, तपासणी होईपर्यंत गॅस नाही. मी त्याला माझं वेळापत्रक दाखवलं. त्याने ते नीट वाचलं, अगदी शेवटपर्यंत, आणि म्हणाला, "साहेब, घरात तान्हं मूल येणार आहे ना?"

याला कसं कळलं? बोनफिलिओ! बोळात उभं राहून सगळं ऐकत असतो तो. लोक्रो घशाखाली उतरवायचा आणि पाठीत सुरी खुपसायची.

आयदे दिवसभर मुकाट होती. धक्का बसला असणार.

१ ऑगस्ट, शनिवार

आयदे फिशर्टनला गेली. मारिसाला उद्या बस स्थानकावरून नेलिदाच्याच घरी नेणार आहेत. आयदे म्हणाली, बाळंतपण होईपर्यंत मुलीजवळ राहते. दोन सुटकेस आणि लोकरीची सगळी पिशवी. दोन आठवड्यांना दोन सुटकेस? बायकांना सामान आवरता येत नाही.

जाताना गालाला गाल लावला आणि म्हणाली, "विजेची शेगडी कपाटात वर आहे. अंडी त्यावर होतात."

६ ऑगस्ट, गुरुवार

अंडी.

९ ऑगस्ट, रविवार

बोनफिलिओ सकाळी दारात, हातात गरम पाण्याचा थर्मास. "मातेसाठी आणलं हो," म्हणाला. ही त्याची हिंमत!

मी म्हटलं, "आधी गॅस तोडायचा, मग पाणी वाटत फिरायचं. चांगला धंदा आहे."

तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हातारा ऐंशीचा आहे, डोळे पाणावतात त्याचे कशानेही. "मी फोन केला असं वाटतं तुम्हाला?" त्याने विचारलं. मग काहीतरी बोलणार होता, पण गप्प झाला. थर्मास उंबऱ्यावर ठेवून गेला. मी तो तसाच ठेवला. दुपारपर्यंत होता तिथे. नंतर थंडी फार वाजायला लागली म्हणून आत घेतला.

थंड पाण्याने अंघोळ केली. फ्रिजवरच्या वेळापत्रकात आता सगळे फेरे रद्द.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

मुलगा! तीन किलो दोनशे. जावयाचा, फाबियानचा, फोन आला. इस्पितळात दहा मिनिटं पाहिला, काचेतून. माझं कपाळ आहे. नेलिदा म्हणाली, तिच्या नवऱ्याचं. तिच्या नवऱ्याला कपाळ होतंच कुठे?

आयदे बाकावर बसली होती, डोळे सुजलेले, खूश. मी शेजारी बसलो. म्हटलं, "घरी कधी येतेस?" ती म्हणाली, "रविवारी जेवायला ये. बोलू."

१६ ऑगस्ट, रविवार

आत्ताच फिशर्टनहून आलो. जसं झालं तसं लिहितो.

जेवण चांगलं होतं. नेलिदाच्या घरी चांगलंच असतं, मान्य. मी मात्र दोन घोट जास्त घेतले आणि बोनफिलिओचा विषय काढला. म्हटलं, मी त्याच्याविरुद्ध कंपनीला पत्र लिहिलं आहे, आणि बोळात मोठ्याने त्याला काय म्हणायचं ते म्हटलं आहे. म्हटलं, "चोरून फोन करणारा माणूस कसा असतो ठाऊक आहे? भेकड. तोंडावर बोलायची हिंमत नसते त्याला."

फाबियान ताटाकडे बघत होता. मारिसा म्हणाली, "बाबा, पुरे." पण मी बोलतच होतो.

आयदे जेवणाच्या खोलीतच, खिडकीपाशी, टेबलावर टब ठेवून बाळाला न्हाऊ घालत होती. एक हात त्याच्या मानेखाली. मागे न बघता ती म्हणाली, "तोंडावर बोलले होते मी, रोहेलियो. चार वेळा बोलले. पाचव्यांदा कंपनीला बोलले."

मला आधी कळलंच नाही. मी हसलो सुद्धा. मग बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांना माहीत होतं. मारिसाला, फाबियानला. नेलिदा उठली, मला वाटलं आता ही मला लेकरा म्हणणार. पण तिने ताटं उचलली आणि फाबियानला घेऊन आत गेली, आणि जाताना दार लोटून घेतलं. त्या बाईने माझी लाज राखली. याचा मला अजून राग येतो आहे.

आयदेचा राग यायला हवा होता. आला नाही.  बोनफिलिओ आठवला आणि कान तापले. म्हातारा उंबऱ्यावर गप्प का झाला ते कळलं. त्याला ठाऊक होतं, फोन तिने त्याच्याच घरून केला असणार, आणि त्याने तिचं नाव घेतलं नाही.

मी उठून टबापाशी गेलो. बाळ पाण्यात पाय झाडत होतं, लालबुंद, डोळे उघडे. इतकं लहान असतं हे मी विसरलो होतो. मारिसाच्या वेळी मी बहुतेक ड्यूटीवर होतो. आयदेने मला टॉवेल धरायला दिला, मी धरला.

"त्याला आपल्या घरी कधी आणायचं?" मी विचारलं. 

तिने ओंजळीने त्याच्या पाठीवर पाणी सोडलं, आणि मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाली, "ते सुलेमाला विचार."